सोपच्या शेवटी पळणारी नावं: नक्की लिहितं कोण आणि श्रेय कोणाचं?

तुम्ही सोप्सच्या श्रेयांची यादी करताय आणि तुमचा प्रश्न असा आहे की अमेरिकेतल्या दुपारच्या सोप्स, म्हणजे तिकडच्या रोजच्या कौटुंबिक मालिका, जनरल हॉस्पिटल, डेज ऑफ अवर लाइव्ज, द यंग अँड द रेस्टलेस वगैरे, त्यांच्या शेवटी जी नावं पळतात त्यात हेड रायटर वेगळा, असोसिएट हेड रायटर चार-पाच, स्क्रिप्ट रायटर वेगळे, स्क्रिप्ट एडिटर वेगळा आणि प्रोड्यूसर तर अर्धा डझन प्रकारचे, मग एपिसोड लिहिला कोणी? आणि एकाच मालिकेला दोन वर्षांत तीन हेड रायटर दिसले तर मधला गाजलेला ट्रॅक, म्हणजे कथेचा धागा, कोणाच्या नावावर टाकायचा?

थेट उत्तर आधी देते. एपिसोड कोणी लिहिला याला तिथे एक नाव उत्तर म्हणून मिळतच नाही, आणि यात लपवाछपवी काही नाही, कामच तसं वाटलेलं असतं. गोष्ट एकाची, त्या दिवसाचा सांगाडा दुसऱ्याचा, संवाद तिसऱ्याचे, त्यावर हात फिरवणारा चौथा, आणि यातलं काय राहणार काय उडणार याचा शेवटचा शब्द एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर आणि नेटवर्कचा, म्हणजे तिकडच्या चॅनेलचा. पाटीवरचं, म्हणजे शेवटी पळणाऱ्या त्या नामावलीतलं, नाव म्हणजे त्या माणसाची त्या काळातली खुर्ची. तुम्हाला आवडलेलं वाक्य त्याच्याच हातचं असेल असं अजिबात नाही.

मी स्वतः मराठी डेली मालिकांसाठी बरीच वर्षं लिहितेय, आधी संवाद, मग पटकथा, आता बहुतेक कथाविस्तार. आपली डेलीची सगळी पद्धत तिकडूनच फिरत फिरत आलेली आहे, त्यामुळे ते लोक हा गाडा कसा ओढतात हे बघणं माझ्या धंद्याचाच भाग झालाय.

आधी कामाचा आवाका बघा. आठवड्याला पाच भाग, वर्षाचे बावन्न आठवडे, सीझन संपला आता चार महिने आराम असलं काही नाही. सुट्ट्या आणि एखादा रिपीट वगळला तरी वर्षाला २४०-२५० भाग होतात. द बोल्ड अँड द ब्युटिफुल अर्ध्या तासाची आहे, बाकीच्या तासाच्या, जाहिराती काढल्या की रोजचा साधारण पाऊण तासाच्या आतला मजकूर उरतो. रोज. एका माणसाने एवढं लिहायचं म्हटलं तर तो जेवणार कधी.

आणि तरी सुरुवातीला एकच माणूस लिहायचा, म्हणजे बाई. इर्ना फिलिप्स. १९३० मध्ये शिकागोच्या डब्ल्यूजीएन रेडिओवर त्यांनी पेंटेड ड्रीम्स सुरू केली, १९३७ ला गायडिंग लाइट, जी १९५२ मध्ये टीव्हीवर आली आणि सप्टेंबर २००९ पर्यंत चालली. या बाई लिहायच्या कमी आणि बोलायच्या जास्त, सगळ्या पात्रांचे संवाद स्वतः म्हणून दाखवायच्या आणि सेक्रेटरी टाइप करायची. पण तेव्हा भाग पंधरा मिनिटांचा होता हे लक्षात घ्या. २ एप्रिल १९५६ ला अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स आणि द एज ऑफ नाइट एकाच दिवशी सुरू झाल्या, दोन्ही अर्ध्या तासाच्या, तोवर एवढी लांब दुपारची सोप कोणी केलेली नव्हती. मग जानेवारी १९७५ मध्ये अनदर वर्ल्ड तासाची झाली आणि तिच्या मागून एकेक करत बाकीच्याही. म्हणजे वीसेक वर्षांत रोजचं लिखाण चौपट झालं. पंधरा मिनिटांची सोप एक हुशार बाई बोलून काढू शकते, तासाची नाही काढू शकत. टीम तिथून आली, टीम आली म्हणून पदं आली आणि पदांबरोबर पाटी लांबली.

आता त्या टीममध्ये कोण काय करतं ते सांगते.

हेड रायटर लांबची गोष्ट लिहितो. पुढच्या सहा महिन्यांत, वर्षभरात कोणत्या घरात काय होणार, कोण कोणाच्या प्रेमात पडणार, कोणाचं गुपित कधी फुटणार, हा सगळा आराखडा, ज्याला ते बायबल म्हणतात. हा कागद एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरकडे आणि नेटवर्ककडे जातो, तिथे त्याची चिरफाड होते, परत येतो, परत जातो. मंजूर झाला की मग आठवड्या-आठवड्याचे तुकडे पाडायचे: या आठवड्यात कथा इथून इथपर्यंत, शुक्रवारी हा धक्का. शुक्रवारचा शेवट हा तिकडे वेगळाच प्रकार असतो, माणसाने शनिवार-रविवार तळमळत काढला पाहिजे. आपल्याकडे आता सहा-सहा, सात-सात दिवस मालिका चालतात त्यामुळे ती आठवड्याच्या शेवटची मजाच गेली, आपण रोजच शुक्रवार करतो.

त्यानंतर ब्रेकडाउन रायटर. पाटीवर त्यांचं नाव बहुतेक वेळा असोसिएट हेड रायटर म्हणून असतं आणि प्रेक्षकांना वाटतं हे म्हणजे हेड रायटरचे असिस्टंट असतील, फायली सांभाळत असतील. अहो नाही. माझ्या मते सोपमधलं सगळ्यात अवघड काम हेच. आठवड्याच्या पाच दिवसांतला एकेक दिवस एकेकाकडे, आणि त्याने त्या दिवसाचा सीन-बाय-सीन सांगाडा बांधायचा. सुरुवातीचा टीझर, मग जाहिरातींच्या मधले सहा-सात अ‍ॅक्ट, प्रत्येक अ‍ॅक्टमध्ये तीन-चार ठिकाणच्या गोष्टी आलटून पालटून, प्रत्येक सीनमध्ये कोण आहे, कुठे आहे, काय घेऊन आत येतो आणि काय घेऊन बाहेर जातो, आणि ब्रेकला जाताना कशावर सोडायचं.

यात गोष्टीपेक्षा हिशोब जास्त असतो हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. तिकडे कॉन्ट्रॅक्टवरच्या नटाला गॅरंटी असते, म्हणजे आठवड्याला अमुक इतक्या भागांचे पैसे मिळणारच, वापरा नाहीतर नका वापरू. दोनची गॅरंटी असलेल्या माणसाला चार दिवस घातलं की बजेट वर गेलं, आणि तीनची गॅरंटी असलेल्याला एकच दिवस घातलं तर फुकट पैसे दिले म्हणून वरून फोन. त्यात एका दिवसाला फ्लोअरवर मोजकेच सेट लागू शकतात. हॉस्पिटलचा सेट आज उभा असेल तर मोठ्या बंगल्याचा दिवाणखाना आज नाही, मग बंगल्यातल्या माणसांना काहीतरी कारण काढून हॉस्पिटलात आणा. लहान मूल असेल तर त्याच्या कामाचे तास ठरलेले. कोणीतरी सुट्टीवर. आता हेड रायटरच्या कागदावर लिहिलंय की मुलगी आज बापाला सगळं खरं सांगते आणि बाप या आठवड्यात शूटलाच नाही. मग ती बापाऐवजी आत्याला सांगते आणि बापाला ते पुढच्या आठवड्यात आत्याकडून कळतं, आणि कधीकधी मूळ कल्पनेपेक्षा हेच भारी निघतं कारण आता आत्याकडे एक हत्यार आलं. हा निर्णय ब्रेकडाउनवाल्याचा. प्रेक्षक कौतुक कोणाचं करणार, हेड रायटरचं.

मग स्क्रिप्ट रायटर, म्हणजे संवाद लिहिणारा. त्याला तयार सांगाडा मिळतो, एका माणसाला एक दिवस, हातात साधारण आठवडाभर. सीनचा क्रम बदलायची सोय नसते, पण सीनच्या आतला जीव त्याचा. कोण काय बोलत नाही, कुठे थांबतो, कोणत्या वाक्यावर पाठ फिरवतो हे त्याचं. हे लोक बऱ्याचदा घरून लिहितात, दुसऱ्या शहरातून लिहितात, सेटवर पायही न ठेवता वर्षानुवर्षं लिहिणारेही असतात. यात नवल नाही, खुद्द विल्यम बेल, ज्यांनी बायको ली फिलिप बेल यांच्याबरोबर १९७३ मध्ये द यंग अँड द रेस्टलेस काढली, ते कित्येक वर्षं शिकागोत बसून लिहायचे आणि शूटिंग लॉस एंजेलिसला. के ऑल्डन या मुळात पीएचडीच्या विद्यार्थिनी, सोपवर प्रबंध लिहायचा म्हणून बेलना भेटायला गेल्या आणि त्यांनी यांनाच कामाला लावलं, १९७४ पासून. पुढे १९९८ मध्ये बेलनी हेड रायटरची खुर्ची सोडली तेव्हा तिथे ऑल्डनच बसल्या. चोवीस वर्षं लागली, पण त्या मालिकेचा प्रत्येक कोपरा त्यांना पाठ होता.

शेवटी स्क्रिप्ट एडिटर. पाच दिवस पाच जणांनी लिहिलेत पण द यंग अँड द रेस्टलेसमधला व्हिक्टर न्यूमन सोमवारी आणि गुरुवारी तोच माणूस वाटला पाहिजे. मंगळवारी जे पत्र फाडलं ते बुधवारी कोणाच्या पर्समधून निघता कामा नये. शिवाय भाग दीड मिनिट लांब झाला तर कुठून कापायचं. या माणसाने काम चांगलं केलं तर ते दिसतच नाही, त्यामुळे त्याला विचारतं कोण. एमी या अमेरिकन टीव्ही पुरस्कारवाल्यांनी मात्र हे बरोबर ओळखलंय, दुपारच्या मालिकांचे डेटाइम एमी १९७४ पासून वेगळे दिले जातात आणि त्यात सोपच्या लेखनाचा पुरस्कार एका माणसाला न देता अख्ख्या टीमला देतात, हेड रायटरपासून स्क्रिप्टवाल्यांपर्यंत सगळी नावं.

प्रोड्यूसरांकडे वळू, कारण तुमचा अर्धा गोंधळ तिथे आहे. रात्रीच्या अमेरिकन सिरीजमध्ये को-प्रोड्यूसर, सुपरवायझिंग प्रोड्यूसर अशी जी नावं दिसतात त्यातले बरेच जण प्रत्यक्षात लेखक असतात, ती रायटर्स रूममधली बढतीची पायरी असते. दुपारच्या सोपमध्ये तसं नाही. तिथे प्रोड्यूसर म्हणजे खरोखर प्रॉडक्शन बघणारा माणूस. कंट्रोल रूममध्ये बसून नटाला, डिरेक्टरला नोट्स देणारा, कोऑर्डिनेटिंग प्रोड्यूसर असेल तर कोणता सीन कोणत्या दिवशी कोणत्या सेटवर याचं वेळापत्रक बसवणारा, आता तर एकाच सेटवरचे अनेक भागांचे सीन एकदम उरकतात त्यामुळे हे वेळापत्रक म्हणजे डोक्याला शॉट. डिरेक्टरही बरेच असतात, पाळीपाळीने, त्यामुळे सोपची चव डिरेक्टर ठरवत नाही.

चव ठरवतो एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर. कास्टिंग, बजेट, लुक, एडिटिंग, कोणाला ठेवायचं कोणाला काढायचं, आणि हेड रायटरच्या कागदाला हो की नाही. इथे मराठीवाल्यांसाठी एक धोक्याची सूचना, आपल्याकडे ईपी म्हणजे सेट चालवणारा, कॉल टाइम बघणारा, नटांच्या तारखांसाठी फोन फिरवणारा पगारी माणूस, कार्यकारी निर्माता. तिकडचा ईपी म्हणजे मालिकेचा धनी किंवा धन्याने नेमलेला सर्वेसर्वा. नाव तेच, पण दोघांच्या मध्ये आख्खी बिल्डिंग आहे.

काही ठिकाणी दोन्ही खुर्च्या एकाकडेच असतात. द बोल्ड अँड द ब्युटिफुलमध्ये ब्रॅडली बेल, म्हणजे विल्यम बेल यांचा मुलगा, हेड रायटरही तोच आणि एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरही तोच. तिथे मग वर-खाली प्रश्नच नाही. डेज ऑफ अवर लाइव्जमध्ये मालकी कॉर्डे कुटुंबाची: टेड कॉर्डे १९६५ ला मालिका सुरू झाल्यावर वर्षभरात गेले, मग बायको बेटी यांनी सांभाळली, मग मुलगा केन. तिथे हेड रायटर बदलत राहतात, कॉर्डे राहतात. आणि प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या मालिकांमध्ये, गायडिंग लाइट काय अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स काय, धनी म्हणजे साबणाची कंपनीच, त्यामुळे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर कंपनीने नेमलेला आणि त्याच्या डोक्यावर कंपनी आणि नेटवर्क असे दोन दोन जण. अशा ठिकाणी हेड रायटर किती दिवस टिकतो ते तुम्हीच ओळखा.

ओळखायची सुद्धा गरज नाही, कॉन्ट्रॅक्टच सांगतं. सोपचे करार तेरा-तेरा आठवड्यांच्या चक्रांनी चालतात. वरवर तीन वर्षांचा करार असला तरी दर तेरा आठवड्यांनी समोरच्याला दार उघडून देता येतं. जनरल हॉस्पिटल १९६३ ला सुरू झालेली, १९७८ पर्यंत बंद पडायच्या बेताला आली होती तेव्हा ग्लोरिया मॉन्टींना प्रोड्यूसर म्हणून आणलं आणि तेरा आठवड्यांत सुधारलं तर ठीक असं सांगितलं होतं म्हणतात. त्या बाईंनी सीन छोटे केले, वेग वाढवला, तरुण पात्रांना पुढे आणलं. हेड रायटर तेव्हा डग्लस मार्लंड, ते मालिका सोडून गेल्यावर पॅट फाल्कन स्मिथ. मालिकेतल्या ल्यूक आणि लॉरा या जोडीचं लग्न १६ आणि १७ नोव्हेंबर १९८१ ला लागलं, सुमारे ३ कोटी लोकांनी बघितलं, एलिझाबेथ टेलर पाहुणी म्हणून आलेली. आता हा ट्रॅक कोणाचा? लॉराचं पात्र मोठं करायला घेतलं मार्लंडच्या काळात, ल्यूकबरोबरची पुढची गोष्ट फुलली स्मिथ यांच्या काळात, त्याच १९८१ मध्ये मध्येच लेखकांचा संपही झाला, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत खुर्चीवर होत्या त्या मॉन्टी. लोकांच्या तोंडी नाव मॉन्टींचंच आहे आणि माझ्या मते ते अगदीच चूक नाही, पण लेखनाच्या रकान्यात फक्त एक नाव टाकायचं म्हटलं तर मी टाकणार नाही.

हेच मार्लंड पुढे १९८५ पासून १९९३ ला निधन होईपर्यंत अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्सचे हेड रायटर होते. नव्या हेड रायटरने काय करावं याबद्दल त्यांनी जे सांगितलं ते आमच्या धंद्यात अजून फिरतं: मालिका बघ, तिचा इतिहास वाच, नटांशी-लेखकांशी बोल, आणि पहिले सहा महिने कोणाला काढू नकोस. आपल्याकडे चॅनेलचा नवा क्रिएटिव्ह माणूस आला की पहिल्या आठवड्यात काय करतो? सासऱ्याचं पात्र मारतो.

तर तेरा आठवड्यांचं चक्र एकीकडे, आणि दुसरीकडे लिहिलेलं पडद्यावर यायला लागणारा वेळ. हा भाग नीट समजून घ्या कारण श्रेयाचे सगळ्यात जास्त घोळ इथे होतात. बहुतेक सोप्समध्ये लिखाण आणि प्रसारण यात काही आठवडे ते दोन-तीन महिने जातात, पण डेज ऑफ अवर लाइव्ज गेली कित्येक वर्षं सहा-सहा, आठ-आठ महिने आधी शूट करते. रॉन कार्लिव्हाटी, जे आधी वन लाइफ टू लिव्ह आणि मग जनरल हॉस्पिटलला हेड रायटर होते, त्यांचं नाव डेजसाठी जानेवारी २०१७ मध्ये जाहीर झालं. त्यांचं लिखाण पडद्यावर दिसायला जुलै उजाडला. मधले सहा महिने लोक त्यांनाच शिव्या घालत होते किंवा त्यांचंच कौतुक करत होते, आणि समोर चाललेलं सगळं आधीच्या टीमचं. बरं, ज्या दिवशी नाव बदलतं त्या दिवशी गोष्ट बदलते असंही नाही, आधीच्यांनी अर्धवट सोडलेले ट्रॅक नव्याला मिटवावे लागतात, कधी तो ते मन लावून मिटवतो, कधी तीन सीनमध्ये गुंडाळतो.

संपाच्या काळातल्या नावांवर तर मुळीच जाऊ नका. रायटर्स गिल्ड, म्हणजे तिकडची लेखकांची संघटना, तिचे मोठे संप १९८८ मध्ये, मग नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८, आणि २ मे २०२३ पासून १४८ दिवस. रात्रीच्या मालिका बंद पडतात, सोप बंद पडत नाही, कारण सोपची ती पहिली अट आहे, रोज लागली पाहिजे. २०२३ ला तर नटांचाही संप झाला पण सोपचे नट वेगळ्या करारात येतात, नेटवर्क कोड म्हणतात त्याला, त्यामुळे ते कामावर होते. मग लिहिलं कोणी? काही ठिकाणी प्रोड्यूसर मंडळींनी, काही ठिकाणी गिल्डच्या बाहेरच्यांनी, आणि काही ठिकाणी फायनान्शियल कोअर घेतलेल्यांनी. फायनान्शियल कोअर म्हणजे गिल्डचं पूर्ण सभासदत्व सोडायचं, फी भरत राहायची, मतदानाचा हक्क गेला पण संपात काम केलं म्हणून गिल्ड शिक्षा करू शकत नाही. २००८ च्या संपानंतर गिल्डने अशा लोकांची नावं जाहीर केली होती आणि त्यात सोपवाले बरेच होते. मी यात कोणाला दोष द्यायला जात नाही, रोजच्या मालिकेवर पोट असलेल्या माणसाचा हिशोब वेगळा असतो. पण तुमच्या प्रश्नापुरतं बघायचं तर अशा काळात आधी लिहून ठेवलेला साठा, संपातलं लिखाण आणि परत आल्यावरची दुरुस्ती असे तीन थर एकमेकांवर बसतात, आणि पाटीवरून ते वेगळे काढता येत नाहीत.

आता क्रिएटेड बाय, म्हणजे मालिका मुळात ज्याने रचली तो. हे एकच नाव सहसा हलत नाही. माणूस जाऊन तीस वर्षं झाली तरी राहतं. अ‍ॅग्नेस निक्सन, ज्या फिलिप्सबाईंच्या हाताखाली तयार झाल्या, त्यांनी १९६८ ला वन लाइफ टू लिव्ह आणि १९७० ला ऑल माय चिल्ड्रन काढल्या, दोन्ही एबीसीवर २०११-१२ पर्यंत चालल्या आणि नाव शेवटपर्यंत त्यांचं. पण हे नाव म्हणजे मालकी असं समजू नका. ऑल माय चिल्ड्रन त्यांनी १९७० च्याच दशकात एबीसीला विकून टाकली होती. फिलिप्सबाईंना तर ही अक्कल पहिल्याच मालिकेत आली, पेंटेड ड्रीम्स माझी म्हणून त्या डब्ल्यूजीएनविरुद्ध कोर्टात गेल्या आणि हरल्या, कारण पगारी नोकर म्हणून लिहिलेलं कंपनीचं. पण निकालाची वाट बघत त्या बसल्या नाहीत, एनबीसीवर टुडेज चिल्ड्रन नावाची तशाच चेहऱ्याची दुसरी मालिका सुरू केली आणि यावेळी मालकी आपल्याकडे ठेवली. खमकी बाई.

ब्रिटनचं थोडक्यात, कारण तिकडे चित्र वेगळं दिसतं. बीबीसीवर डॉक्टर्स नावाची दुपारची सोप होती, २००० ते नोव्हेंबर २०२४, तिथे भागावर एकाच लेखकाचं नाव यायचं, रायटर अमुक. गोष्टीचे मोठे धागे स्टोरी टीम ठरवते पण भाग त्या लेखकाचा. त्यामुळे तिकडच्या लेखकाला मी हा भाग लिहिला असं छातीठोक सांगता येतं, अमेरिकन स्क्रिप्ट रायटरला तितकं नाही.

आणि आपलं? दुपारची सोप आपल्यालाही नवी नाही. केबल आली तेव्हा स्टारवर सांता बार्बरा आणि बोल्ड अँड ब्युटिफुल बघितलेल्या मावश्या-आत्या अजून आहेत, घरात मुलं शाळेतून यायच्या आत बघून घ्यायच्या. मग दूरदर्शनने दुपारचा स्लॉट उघडला, १९९४ ला शांती, १९९५ ला स्वाभिमान. स्वाभिमानची गोष्ट शोभा डे यांची, मूळच्या राजाध्यक्ष, दिग्दर्शनाला महेश भट, आणि रोजचं लिखाण करायला विनोद रंगनाथ. म्हणजे तेव्हाच वाटणी झाली होती: नावाजलेल्या लेखिकेची कथा आणि रोजचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर. मराठीत सह्याद्रीवर दुपारी दामिनी लागायची, प्रतीक्षा लोणकरांची.

आज मराठी मालिकेच्या पाटीवर बघा, संकल्पना, कथा, कथाविस्तार, पटकथा, संवाद. ढोबळमानाने कथाविस्तार म्हणजे हेड रायटरचं काम, पटकथा म्हणजे ब्रेकडाउन, संवाद म्हणजे स्क्रिप्ट. पण दोन मोठे फरक आहेत. एक, तिकडे पाच दिवसांचे संवाद पाच जण लिहितात, आपल्याकडे सहा-सात दिवसांचे बहुतेक एकच जण लिहितो. पटकथाही एकच. त्यामुळे आपल्याकडे आवाज एकसारखा राहतो, स्क्रिप्ट एडिटर लागत नाही, पण तो लिहिणारा माणूस वर्षभरात पिळून निघतो, ताप आला तरी रात्री दोन वाजता उद्याच्या सकाळच्या शिफ्टचे सीन पाठवायचेत. कारण बँक, म्हणजे आधी करून ठेवलेल्या भागांचा साठा, नसते. तिकडे काही आठवड्यांपासून सहा-आठ महिन्यांपर्यंतचा साठा आणि आपल्याकडे आज शूट परवा टेलिकास्ट.

दुसरा फरक असा की आपल्याकडे गुरुवारी टीआरपी आला की कथा शुक्रवारी बदलू शकते, आणि ती बदलणारा चॅनेलचा क्रिएटिव्ह माणूस पाटीवर लेखक म्हणून कुठेच नसतो. तिकडे नेटवर्कचे लोकही ढवळाढवळ करतात, पण शूट आधीच झालेलं असल्यामुळे हात उशिरा पोचतो. पैशाचं म्हणाल तर भागामागे ठरलेलं मानधन आणि ते तीन महिन्यांनी. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने लेखकाचा रॉयल्टीचा हक्क लिहून घेता येणार नाही असं ठरलं खरं, पण रोजच्या मालिकेवाल्याच्या खात्यात त्यातलं काय येतं हा वेगळा विषय, इथे नको. एवढंच सांगते की नवीन मुलांनी करारात श्रेयाची ओळ वाचल्याशिवाय सही करू नये, नाव कोणत्या पदाखाली येणार, रोज येणार की आठवड्यातून एकदा, आणि मधेच मालिका सोडली तर लिहून दिलेल्या भागांवर राहणार की नाही.

आता तुमच्या कामाचं. एखाद्या ट्रॅकचं श्रेय नोंदवायचं असेल तर आधी प्रसारणाची तारीख घ्या, त्यातून त्या मालिकेचा साठ्याचा काळ, म्हणजे लिखाण आणि प्रसारण यातलं अंतर, वजा करा, आणि मग हेड रायटर कोण होता ते बघा. फक्त नेमणुकीची बातमी बघून लिहू नका, पहिला भाग कधी दिसला ते शोधा. ब्रेकडाउन आणि स्क्रिप्टची नावं त्या विशिष्ट भागाच्या पाटीवरूनच घ्या, रोज पूर्ण पाटी लावत नाहीत, लांब यादी ठरावीक दिवशीच येते, तेव्हा जवळच्या तारखेचा पूर्ण पाटीवाला भाग शोधावा लागतो. एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर वेगळ्या रकान्यात, लेखकाबरोबर मिसळू नका. दोन हेड रायटरच्या काळात पसरलेला ट्रॅक असेल तर दोघांची नावं तारखांसकट.

आणि हल्ली एक नवी भर पडलीय. सीबीएसवर २४ फेब्रुवारी २०२५ ला बियाँड द गेट्स सुरू झाली, १९९९ च्या पॅशन्सनंतर मोठ्या नेटवर्कने काढलेली पहिली नवी दुपारची सोप. मिशेल व्हाल जीन, ज्यांनी जनरल हॉस्पिटल आणि बोल्ड अँड ब्युटिफुलमध्ये वर्षानुवर्षं लिहिलं, त्याच तिच्या क्रिएटर, हेड रायटर आणि एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर, आणि त्यांना रात्रीच्या मालिकांसारखं शोरनर, म्हणजे मालिकेची सगळी सूत्रं हातात असलेली व्यक्ती, म्हटलं जातं. ही मालिका तुमच्या यादीत घेणार असाल तर तिन्ही रकान्यांत त्यांचं नाव येईल, ते टायपिंगची चूक समजून कोणी खोडू नये म्हणून बाजूला एक टीप टाकून ठेवा.